झाकली मूठ : आर्थर डिम्सडेलचं प्रकरण

मराठीत आपली चूक सांगायच्या दोन रीती आहेत. 'मी केलं' ही एक आणि 'माझ्या हातून झालं' ही दुसरी. दुसरीत कर्तेपण हाताकडे जातं आणि आपण जरा बाजूला उभं राहून त्या हाताबद्दल हळहळू शकतो. 'घडलं' म्हटलं तर हातसुद्धा सुटतो. मग पाऊस पडल्यासारखं ते आपोआप होतं. आर्थर डिम्सडेल मराठी बोलत नव्हता, पण त्याचं सगळं प्रकरण या दोन वाक्यांमधल्या अंतराचं आहे, असं मला ही कादंबरी दर वेळी वाचताना वाटत आलंय.

कादंबरी म्हणजे नॅथॅनिएल हॉथॉर्नची 'द स्कार्लेट लेटर'. मार्च १८५० मध्ये बॉस्टनला छापली गेली, आणि गोष्टही बॉस्टनचीच, पण दोनशे वर्षं आधीची. वर्गात ती शिकवली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : डिम्सडेल सात वर्षं बोलला का नाही? प्रश्नच थोडा चुकलाय. तो बोलला, कितीतरी वेळा बोलला, तेही भर सभेत, उंचावर उभं राहून. तरी गावात कुणालाच काही कळलं नाही, ते कसं, हे तपासायचं आहे.

आधी हकीकत. हेस्टर प्रिन ही तरुण, लग्न झालेली बाई. वयाने मोठ्या, विद्वान नवऱ्याने तिला अ‍ॅमस्टरडॅमहून पुढे पाठवलं आणि तो स्वतः मागाहून येणार होता. दोन वर्षं झाली, त्याचा पत्ता नाही. एवढ्यात तिला मूल झालं. उन्हाळ्यातल्या एका सकाळी तीन महिन्यांच्या मुलीला, पर्लला, कडेवर घेऊन ती तुरुंगाच्या दारातून बाहेर येते. छातीवर लाल कापडाचं 'ए' हे अक्षर ('अ‍ॅडल्टरी', म्हणजे व्यभिचार, याचं आद्याक्षर), त्याला सोनेरी जरीचं भरतकाम, तेही तिनेच केलेलं. शिक्षा अशी की बाजारातल्या खोड्याच्या चौथऱ्यावर तीन तास उभं राहायचं आणि ते अक्षर जन्मभर वागवायचं. चव्हाट्यावर आणणं हा शब्दप्रयोग आपण सैलपणे वापरतो. इथे तो शब्दशः खरा आहे.

मुलीचा बाप कोण, हे ती सांगत नाही. बाप समोरच आहे. सज्जात गव्हर्नर आणि वयोवृद्ध धर्मगुरूंच्या शेजारी बसलेला तिचाच पाळक, म्हणजे तिच्या चर्चचा धर्मगुरू, आर्थर डिम्सडेल. आणि गर्दीच्या कडेला, वर्षभर इंडियन लोकांच्या कैदेत राहून नुकताच आलेला तिचा नवराही उभा आहे. तो ओठांवर बोट ठेवून तिला गप्प राहायची खूण करतो. पुढे तुरुंगात येऊन आपली ओळख न सांगण्याची शपथ घालतो आणि रॉजर चिलिंगवर्थ या नावाने गावात वैद्य म्हणून स्थायिक होतो.

म्हणजे गुपितं दोन आहेत. हेस्टरला दोन्ही माहीत. चिलिंगवर्थला एक माहीत, दुसरं तो हुंगत काढतो. डिम्सडेलला फक्त स्वतःचं माहीत, आणि तो ज्याच्या हातची औषधं पितो तो माणूस कोण, हे सात वर्षं माहीत नाही. हेस्टरच्या धीराचं कौतुक करताना हा भाग अनेकदा विसरला जातो. तिच्या गप्प बसण्याचीही किंमत होती आणि ती दुसऱ्याने मोजली.

'पाळक' आणि 'मंडळी' (चर्चचा सभासदवर्ग) हे शब्द मी मुद्दाम वापरतोय. मराठी ख्रिस्ती घरांत ते रोजचे आहेत. त्यांचा या गोष्टीशी संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. प्युरिटनांच्याच (हेस्टरचं बॉस्टन वसवणाऱ्या कडक प्रोटेस्टंट पंथाच्या) परंपरेतल्या मंडळींनी ६ फेब्रुवारी १८१२ ला सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा देऊन हिंदुस्थानकडे पाठवलं. त्यांतला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. त्या दिवशी सेलममध्येच वाढणारा हॉथॉर्न सात वर्षांचा होता. असो, हे जाता जाता.

भीती खोटी नव्हती

डिम्सडेलला भेकड ठरवणं सोपं आहे, आणि तो भेकड आहेच. पण कुठल्या गोष्टीला घाबरत होता तेही पाहिलं पाहिजे. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६४१ मध्ये कायदे लिहून काढले, त्यांत दुसऱ्याच्या बायकोशी व्यभिचार हा देहदंडाचा गुन्हा होता, दोघांनाही. कादंबरीत न्यायाधीश हेस्टरवर दया करतात : नवरा बहुधा समुद्रात बुडालेला, बाई तरुण, मोह मोठा. पाळकाच्या वाट्याला तेवढी दया आली असती का, हे सांगता येत नाही.

इतिहासातलं एक खरं प्रकरण शेजारी ठेवतो. मार्च १६४४ मध्ये, म्हणजे कादंबरीतली सात वर्षं चालू असतानाच, बॉस्टनमध्ये जेम्स ब्रिटन आणि मेरी लेथम यांना व्यभिचारासाठी फाशी दिलं. मेरी जेमतेम अठराची, म्हाताऱ्याला दिलेली. गव्हर्नर जॉन विन्थ्रॉपने रोजनिशीत लिहून ठेवलंय की ब्रिटन लकवा होऊन पडला, मनात भयंकर धास्ती बसली आणि त्याला गुपित ठेवता येईना; त्याने स्वतःच सगळं सांगून टाकलं. आणि पुढचं वाक्य तर कादंबरीकारालाही सुचू नये असं आहे : स्वतःविरुद्ध कबुली देणाऱ्यांना हाच माणूस पूर्वी मूर्ख म्हणायचा.

तेव्हा 'खरं बोलून मोकळा झाला असता' हे आपण इथे बसून म्हणतो. मोकळा होणं आणि फासावर जाणं यांत तिथे फार अंतर नव्हतं.

पण वसाहतीची दुसरी बाजूही आहे. प्युरिटनांनी कॅथलिकांची पडद्याआडची पापकबुली मोडीत काढली होती. धर्मगुरूच्या कानात सांगून हलकं होण्याची सोय नाही. मंडळीचा सभासद व्हायचं तर आपल्या आत्म्याचा अनुभव सर्वांपुढे सांगायचा, आणि १६३१ पासून मताचा अधिकारही सभासदांनाच. पाप केलं तर तेही सर्वांपुढे कबूल करायचं. थोडक्यात, सांगायचं तर चव्हाट्यावर. नाहीतर मनात ठेवायचं. मधली खोलीच नाही. जिथे ती असायला हवी होती तिथे चिलिंगवर्थ येऊन बसला. गावातल्या हितचिंतकांनी पाळकाच्या नाजूक तब्येतीसाठी दोघांना एका छपराखाली राहायला लावलं. एका दुपारी डिम्सडेल खुर्चीत गाढ झोपलेला असताना वैद्याने त्याच्या छातीवरचं वस्त्र बाजूला केलं. तिथे काय दिसलं ते हॉथॉर्न सांगत नाही. पाहणाऱ्याला झालेला आसुरी आनंद तेवढा सांगतो. कबुली ऐकणारा कान हवा होता आणि मिळाला तो शत्रूचा.

कवी जेम्स रसेल लोवेल याने एका पत्रात लिहिलंय की डिम्सडेलला एखाद्या कॅथलिक धर्मगुरूपुढे कबुली द्यायला लावायचं हॉथॉर्नच्या मनात एकदा होतं. बरं झालं त्याने तो विचार सोडला. ती दारं बंद आहेत म्हणून तर हे प्रकरण आहे.

'मी पापी आहे'

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

पहिल्याच दिवशी, चौथऱ्यावरच्या हेस्टरला बापाचं नाव विचारण्याचं काम वरिष्ठ डिम्सडेलवर टाकतात. तो सज्जातून खाली वाकून बोलतो आणि ते भाषण मी वर्गात दोनदा वाचून घेतो. तो म्हणतो, खोट्या मायेने त्या माणसाला वाचवू नकोस. त्याला उंच जागेवरून खाली उतरून तुझ्या शेजारी उभं राहावं लागलं तरी ते जन्मभर अपराधी मन लपवण्यापेक्षा बरं. स्वतःहून तो कडू पेला उचलायचं धैर्य कदाचित त्याच्यात नसेल. ऐकणाऱ्यांना वाटतं केवढी कळकळ! वाक्यावाक्यात तो स्वतःबद्दलच बोलतोय, फक्त 'तो' म्हणून. नाव तिने घ्यावं म्हणून विनवतोय. घेतलं असतं तर सुटला असता, नाही घेतलं तर वाचला. ती 'कधीच नाही' म्हणते, वर म्हणते की त्याच्या यातनाही मीच सोसाव्यात. तो छातीवर हात ठेवून मागे सरतो आणि पुटपुटतो : ही बोलणार नाही, बाईच्या हृदयाची ही काय ताकद, हे काय औदार्य! दुसऱ्याच्या औदार्यावर जगायला सुरुवात झाली ती याच क्षणी.

मग वर्षं जातात. गावात त्याचं नाव वाढत जातं. अपराधाने पोळलेलं मन असल्यामुळे पापी माणसांशी तो त्यांच्याच बोलीत बोलू शकतो, आणि म्हणून त्याचा उपदेश इतर विद्वान पाळकांपेक्षा थेट पोचतो. ही या प्रकरणातली सर्वांत अडचणीची नोंद : पापाने त्याला चांगला पाळक केलं.

आणि तो बोलतोही. अकराव्या प्रकरणात हॉथॉर्न सांगतो की अनेकदा तो ठरवून व्यासपीठावर चढला आणि मंडळीला म्हणाला, मी नीचांहून नीच आहे, पाप्यांतला सर्वांत पापी, कल्पनाही करवणार नाही असा अमंगळ. देवाच्या कोपाने माझा देह तुमच्या डोळ्यांदेखत जळून कसा जात नाही याचंच नवल. लोकांनी काय करावं? त्याला खाली खेचावं? ते आणखी लीन झाले. केवढा साधुपुरुष! एवढ्या शुभ्र आत्म्यात याला इतकं पाप दिसतं, तर तुमच्याआमच्यात काय दिसेल!

हे समजायला मराठी माणसाला वेगळी टीप लागत नाही. 'मी पतित, मी मतिमंद' म्हणणाऱ्या संतापुढे आपण पिढ्यान्‌पिढ्या हात जोडत आलोय. कीर्तनात कुणी स्वतःला पामर म्हणालं तर त्याच्या पामरपणाचा तपशील कोणी विचारत नाही. ती नम्रता आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. संतांची भावना खरी होती की नाही हा इथला मुद्दाच नाही. मुद्दा हा की त्या भाषेत सांगितलेलं कोणतंही खरं पाप नम्रता म्हणूनच ऐकू येतं. डिम्सडेलच्या मंडळीतही हीच भाषा चालायची. आपण सगळे पापी आहोत ही त्यांच्या धर्माची पहिली पायरी होती. त्या पायरीवर उभं राहून 'मी पापी' म्हणणं म्हणजे 'मी तुमच्यातलाच, फक्त जरा जास्त जागा' असं म्हणणं.

आणि त्याला हे माहीत होतं. हॉथॉर्न इथे त्याला सोडत नाही. आपली मोघम कबुली कशी घेतली जाईल हे त्याला पुरतं ठाऊक होतं, असं सांगून तो म्हणतो की या माणसाने अगदी खरं तेच सांगितलं आणि त्याचं अगदी खोटं करून टाकलं. सगळी किल्ली त्या 'मोघम'मध्ये आहे. कबुलीत 'पाप' हे भाववाचक नाम होतं; हेस्टर हे विशेषनाम नव्हतं, पर्ल हे नव्हतं, कधी, कुठे, काय हे नव्हतं. गुपित राखायला गप्प बसावंच लागतं असं नाही. नामं वगळून कितीही बोलता येतं.

घरी मात्र तो वेगळंच काही करतो. कुलूपबंद कपाटात रक्ताने माखलेला चाबूक आहे. तो स्वतःला फटके मारतो आणि मारताना कडवट हसतो. गुडघे थरथरेपर्यंत उपास करतो. रात्र रात्र जागून आरशात स्वतःचा चेहरा पाहत बसतो. चाबूक ही त्याच्या धर्माला नामंजूर असलेली, जुन्या रोमच्या पंथाची रीत. म्हणजे शिक्षाही चोरून, उधारीवर आणलेली. ही सगळी शिक्षा आहे, पण एकाही फटक्याने हेस्टरच्या खांद्यावरचं ओझं गुंजभर कमी झालेलं नाही. ती त्याच गावाच्या कडेला झोपडीत राहून शिवणकामावर मूल वाढवते आहे.

चौथरा, रात्री

बारावं प्रकरण या सगळ्याचं तात्पर्य नाटकात उतरवतं. मे महिन्यातली रात्र, गाव झोपलेलं. डिम्सडेल पाळकाचा पोशाख घालून, जणू उपासनेला निघाल्यासारखा, त्याच चौथऱ्यावर जाऊन उभा राहतो. जागा बरोबर, वेळ चुकीची. तो किंचाळतो; आता लोक येतील असं वाटतं, कुणी येत नाही. गव्हर्नर विन्थ्रॉपच्या मृत्युशय्येवरून हेस्टर आणि सात वर्षांची पर्ल परतत असतात. (खरा विन्थ्रॉप मार्च १६४९ मध्ये वारला, हॉथॉर्नने त्याला सोयीसाठी थोडं जास्त जगवलंय.) तो त्यांना वर बोलावतो, तिघं हात धरतात, आणि त्याला वाटतं अंगात नवं रक्त वाहतंय. पर्ल विचारते : उद्या दुपारी तू आईबरोबर आणि माझ्याबरोबर इथे उभा राहशील? उद्या नाही, तो म्हणतो, दुसऱ्या एका दिवशी. कोणत्या? न्यायाच्या मोठ्या दिवशी.

हे उत्तर धर्मशास्त्रानुसार बिनचूक आहे. बाजाराच्या चौकात ते पळवाट आहे. मूल हात सोडवून घेऊ लागतं.

त्याच वेळी आकाशात उल्केचा उजेड पडतो आणि त्याला त्यात 'ए' दिसतो. हॉथॉर्नचा शेरा असा की ज्याचं मन दीर्घ, गुप्त दुःखाने स्वतःभोवतीच फिरू लागलंय, त्याला आकाशसुद्धा आपल्याच चरित्राचं पान वाटतं. गावानेही ते अक्षर पाहिलं. त्यांनी लावलेला अर्थ : देवदूत ('एंजल'), कारण गव्हर्नर देवाघरी गेले. दुसऱ्या दिवशी त्याचा उपदेश आजवरचा सर्वांत प्रभावी होतो, आणि चौथऱ्यावर विसरलेला त्याचा हातमोजा चर्चचा सेवक आणून देतो : सैतानाने तुमची निंदा करायला टाकला असणार! समाजाने एकदा ठरवलं की पुरावाही भक्तीत विरघळतो.

दरम्यान हेस्टरच्या अक्षराचं काय झालं? ती आजाऱ्याजवळ बसली, गरिबांना कपडे शिवून दिले, गव्हर्नरांच्या झालरी भरल्या. फक्त नवरीचा बुरखा तिला कुणी भरायला दिला नाही. लोक म्हणू लागले, तो 'ए' म्हणजे समर्थ ('एबल'). दिसणाऱ्या अक्षराचा अर्थ बदलायला जागा असते, कारण त्यावर चार माणसं बोलू शकतात. झाकलेल्या मुठीला ती सोय नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरंच. पण ती सव्वा लाखाची राहते ती झाकलेली आहे तोवरच, आणि धरणाऱ्याची बोटं आखडतात.

जंगलात दोघं भेटतात तेव्हा हेस्टर चिलिंगवर्थचं गुपित फोडते. तो आधी चिडतो, मग म्हणतो की त्या म्हाताऱ्याने थंडपणे एका मनाचं पावित्र्य भंगवलं. ते पाप आपल्या पापाहून काळं आहे. चार दिवसांनी ब्रिस्टलला जाणारं जहाज ठरतं. डिम्सडेल म्हणतो, हे फारच बरं झालं. का? तिसऱ्या दिवशी निवडणुकीच्या समारंभाचं प्रवचन त्याला द्यायचं आहे. कर्तव्य अर्धवट टाकून गेला असं कुणी म्हणायला नको. हेस्टरला आणि मुलीला घेऊन पळून जायचं ठरत असताना याला चिंता आहे ती कारकिर्दीच्या शेवटच्या पानाची! हॉथॉर्न इथे जवळजवळ लाजून लिहितो, आणि पुढे म्हणतो की एक चेहरा स्वतःला आणि दुसरा जगाला दाखवत राहिलेल्या माणसाला शेवटी खरा कोणता तेच उमगेनासं होतं.

शेवटची कबुली

प्रवचन होतं, गाव जयजयकार करतं, आणि मिरवणुकीतून तो वळतो. हेस्टरला आणि पर्लला हाक मारतो, चौथऱ्यावर चढतो, दुपारच्या उन्हात. चिलिंगवर्थ आडवा येतो, कारण या एका जागेखेरीज त्याच्या हातून सुटायला सबंध पृथ्वीवर जागा नव्हती.

आता शब्द ऐका. सुरुवात प्रथमपुरुषी : सात वर्षांपूर्वी जिथे या बाईबरोबर उभं राहायला हवं होतं तिथे आज मी उभा आहे. इथवर ठीक. पण पुढच्याच श्वासात : तुमच्यात एक असा होता ज्याच्या कलंकाने तुम्ही दचकला नाहीत, तो त्याच्यावर होता, त्याने तो चातुर्याने लपवला, आता मरणाच्या घडीला तो तुमच्यापुढे उभा आहे. पुन्हा 'तो'. पहिल्या दिवशी सज्जातून जो तृतीयपुरुष बोलला, तोच शेवटच्या दिवशीही. हे मूल माझं, असं वाक्य तिथेही येत नाही. मग तो छातीवरचं वस्त्र फाडतो, पर्ल त्याचं चुंबन घेते, आणि तो मरतो.

वर्गात यावर वाद होतोच. देहाने जे दाखवलं ते शब्दांहून स्पष्ट नव्हतं का? मलाही ते दृश्य दर वेळी हलवतं. पण चोविसाव्या प्रकरणाकडे पाहा. बहुतेक साक्षीदार म्हणाले छातीवर लाल अक्षर होतं. काही प्रतिष्ठित साक्षीदार म्हणाले छाती नवजात बाळासारखी कोरी होती, त्याने हेस्टरशी कोणत्याही संबंधाची कबुली दिलीच नाही, आणि पतित स्त्रीच्या कुशीत प्राण सोडून त्याने आपण सगळे सारखेच पापी आहोत हा दृष्टान्त दिला. म्हणजे अखेरची कबुलीसुद्धा त्यांनी उपदेशात जमा केली. हॉथॉर्न याला मित्रांच्या निष्ठेचा नमुना म्हणतो. पण तेवढी फट वक्त्यानेच ठेवली होती. गंमत अशी की 'व्यभिचार' हा शब्द सबंध कादंबरीतही एकदाही येत नाही.

लेखकाच्या घरातही न बोललेलं काही होतं. त्याचा खापरपणजोबा जॉन हॅथॉर्न १६९२ च्या सेलमच्या चेटूक खटल्यांत दंडाधिकारी होता. त्याच खटल्यांतला दुसरा न्यायाधीश सॅम्युएल सेवॉल १४ जानेवारी १६९७ रोजी बॉस्टनच्या चर्चमध्ये उभा राहिला, आणि त्याची चिठ्ठी पाळकाने वाचून दाखवेपर्यंत तसाच उभा राहिला. चिठ्ठीत खटल्याचा उल्लेख होता आणि त्याचा दोष आणि लाज आपल्यावर घेतो असं लिहिलं होतं. हॅथॉर्नने तसं काही केल्याची नोंद नाही. दीडशे वर्षांनी त्याच्या वंशजाने या कादंबरीच्या प्रस्तावनेत, त्या पूर्वजांच्या वतीने ती लाज मी माझ्यावर घेतो, असं लिहिलं. 'मी' असंच लिहिलं.

चिलिंगवर्थ वर्षभरात मेला. त्याची इंग्लंडमधली आणि वसाहतीतली मालमत्ता पर्लला मिळाली. मुलगी समुद्रापार सुखात राहिली. हेस्टर कितीतरी वर्षांनी एकटी परतली आणि कुणी सांगितलं नसताना ते अक्षर पुन्हा छातीवर लावलं. तिची कबर डिम्सडेलच्या जुन्या, खचलेल्या कबरीजवळ खणली, मध्ये थोडी जागा सोडून. दोघांना मिळून पाटीचा एकच दगड आहे. त्यावर कोरलेलं म्हणून जे हॉथॉर्न सांगतो त्यात नाव कुणाचंच नाही. काळ्या जमिनीवर एक लाल अक्षर, एवढंच.